गप्प खोलीचा आवाज

सर्व संबंधितांना, म्हणजे माझे माहेर, माझे सासर, माझी मुलगी, बर्लिनमधल्या आमच्या इमारतीतले समस्त भाडेकरू आणि विशेषतः माझ्या फिल्म्सचं ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाई, यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गेल्या हिवाळ्यात हायडेलबर्ग मुक्कामी प्रस्तुत लेखिका जवळजवळ एक मिनिट गप्प बसली. घटनेला साक्षीदार आहेत. ध्वनिमुद्रणही उपलब्ध आहे. संशय असणाऱ्यांनी येऊन ऐकावे.

मला ओळखणाऱ्यांना ही अफवा वाटेल, म्हणून जरा मागून सुरुवात करते.

मी डॉक्युमेंटरी फिल्म्स करते. हे सांगितलं की लोक माझ्याकडे आदराने बघतात. त्यांच्या डोळ्यांसमोर एक शांत, सोशिक बाई येते, जी डोंगरावर तासन्‌तास बसून पक्षी कधी पंख उघडतोय याची वाट बघते. मी पक्ष्याला हाक मारीन. पन्नाशी उलटली, केस पिकले, स्वभाव काही पिकला नाही. जेवताना मी दोनदा उठते. फोनवर बोलताना घरभर फिरते, त्यामुळे कुणाचा फोन लांबला की घरातली धूळ आपोआप पुसली जाते. एडिटिंगच्या खुर्चीला चाकं आहेत आणि ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला सापडते.

याला कारण आहे. मी इचलकरंजीची. आमच्या गल्लीत यंत्रमाग होते, दिवसपाळी आणि रात्रपाळी. त्या खटखटीत आम्ही जेवलो, झोपलो, पाढे पाठ केले, भांडलो. ती ऐकू यायचीच नाही. ऐकू यायचं ते फक्त तिचं थांबणं. वीज गेली की माग एकदम गप्प व्हायचे आणि अख्खी गल्ली दारात यायची. पिठाच्या हातांनी बायका, साबण लावलेल्या गालांनी पुरुष. सगळ्यांचा एकच प्रश्न, "काय झालं?" शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की जर्मनीतल्या रविवारची मला अजून सवय झालेली नाही. इथे रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या पेटीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. पहिल्या वर्षी मी दर रविवारी बाल्कनीत जाऊन रस्त्यावर बघायचे, काय झालं म्हणून. शेवटी समोरच्या आजींनी विचारलं, "तुम्ही कोणाची वाट बघता का?" मी म्हटलं, "नाही, माग सुरू व्हायची." त्या समजूतदारपणे हसल्या आणि आत जाऊन पडदा ओढला.

एक फिल्म संपलेली असते आणि दुसरी सापडलेली नसते, तेव्हा मी सगळ्यात वाईट असते. मग मी रिंगबानमध्ये बसते. ही गाडी बर्लिनला गोल फेरी मारते आणि तुम्ही जिथे चढलात तिथे तुम्हाला आणून सोडते. कुठे जायचं नाही, तरी चाललोय, हे माझ्यासारखीला फार सोयीचं. मी लोकांचे हात बघत बसते. तोंडं सांभाळून बोलतात, हात सांभाळत नाहीत. एकदा एक गृहस्थ स्वयंपाकघरातला फक्त एक खण घेऊन चढले. कपाट नाही, टेबल नाही, नुसता खण, आत चमचे. गाडी थांबली की चमचे खळखळायचे आणि ते हाताने नीट रांगेत लावायचे. माझं स्टेशन गेलं. पुढचंही गेलं. ते उतरले तशी मीही उतरले आणि विचारलं. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "घटस्फोटात बाकी सगळं तिच्याकडे राहिलं. हा माझ्या आईचा." त्या खणातून माझी एक अख्खी फिल्म निघाली. लोक विचारतात, तुम्हाला विषय कसे सुचतात. मी गंभीर चेहरा करून म्हणते, संशोधन.

आणि डोक्यात हवा गेली की ती काढायची सोय घरातच आहे. कुठल्यातरी महोत्सवात टाळ्या घेऊन मी फुलून परत येते आणि मुलगी दारातच ओल्या कचऱ्याची बादली हातात देते. "बिओम्युल," एवढंच म्हणते. मी मराठीत म्हणते, "अगं, फिल्म कशी झाली ते तरी विचार." ती जर्मनमध्ये सांगते की फिल्मचं उद्या ऐकलं तरी चालेल, बादलीला आज वास येतोय. मराठी तिला सगळं कळतं, त्यामुळे वाद घालायलाही जागा नाही. मी टाळ्यांसकट खाली जाते.

पण या धंद्यात एक शिक्षा अशी आहे की जी कुठल्याही बादलीने टळत नाही. तिला रूम टोन म्हणतात. मुलाखत संपली की सगळ्यांनी आहे तिथे, आहे तसं, एक मिनिट गप्प बसायचं आणि त्या खोलीची शांतता मुद्रित करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे. पुढे एडिटिंगमध्ये वाक्यं कापली-जोडली की मधल्या फटी त्या शांततेने भरतात. ती नसेल तर कानाला खड्डे लागतात. हे सगळं मला मान्य आहे. फक्त त्या एका मिनिटात माझा गुडघा वाजतो. पोट बोलतं. बांगडी हलते. एकदा तर मी "झालं का?" असं विचारलं.

आमची साउंडवाली ही उंच, सडपातळ, फार कमी बोलणारी जर्मन बाई आहे. आमचं युनिट म्हणजे आम्ही दोघीच, कॅमेरा माझा, आवाज तिचा. इतकी वर्षं आम्ही एकत्र काम करतो याचं श्रेय तिच्या हेडफोनला आहे. तिची एक पद्धत मला फार आवडते. मुद्रण करताना फ्रिजची घरघर नको म्हणून ती लोकांच्या घरचा फ्रिज बंद करते आणि आपल्या घराच्या किल्ल्या त्या फ्रिजमध्ये ठेवते. म्हणजे निघताना किल्ल्या घ्यायला फ्रिज उघडावाच लागतो आणि तो पुन्हा सुरू करायचं विसरत नाही. आजवर कुणाचं दूध तिने नासवलेलं नाही. मला या युक्तीची इतकी भुरळ पडली की मी घरीही जे विसरायचं नाही ते फ्रिजमध्ये ठेवू लागले. मुलीला तिथे माझा चष्मा सापडला, तेव्हा ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

तर, हायडेलबर्ग.

मी फिल्म करत होते ती इथे "दोनच वर्षांसाठी" आलेल्या आणि इथेच राहून गेलेल्या माणसांवर. त्यातलं मुख्य जोडपं म्हणजे हायडेलबर्गचे एक काका आणि काकू. काका विद्यापीठात रसायनशास्त्राचे संशोधक होते, काकूंनी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात नोकरी काढली. आता दोघंही निवृत्त. काका बोलतात. म्हणजे मी बोलते त्याला लोक बडबड म्हणत असतील, तर काकांसाठी दुसरा शब्द शोधायला हवा. सकाळी बातम्यांवर बोलतात, दुपारी बातम्या चुकीच्या कशा आहेत त्यावर. मी पहिल्यांदा गेले, कॅमेरा न घेता, तेव्हा दारातच चपला काढता काढता त्यांनी मला विद्यापीठाचा इतिहास सांगून संपवला. मला फार घरच्यासारखं वाटलं. माग चालू होते.

काकूंनी चहा आणून ठेवला, स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

"बघितलंस?" काका म्हणाले. "हे घर हिने निवडलं ते स्वयंपाकघराला दार आहे म्हणून."

"म्हणून तर अजून संसार चालू आहे," आतून आवाज आला.

मग काकांनी मला त्यांची छत्रीची गोष्ट सांगितली. ती त्यांनी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितली असणार, इतकी ती घासूनपुसून लख्ख होती. काका आधी एकटे आले, काकू पुढच्या हिवाळ्यात. काका त्यांना आणायला फ्रँकफर्टच्या विमानतळावर गेले आणि रेल्वेने हायडेलबर्गला घेऊन आले. स्टेशनबाहेर बर्फ पडायला लागला. ट्राम बंद. काकू पातळावर स्वेटर घालून, पायात सँडल. एका हातात ट्रंक. आणि सुतळीने बांधलेलं एक खोकं, त्यात काकूंच्या आईने दिलेले पापड, मेतकूट, सांडगे. काकांकडे छत्री होती. काकांनी खोकं काखेत धरलं, छत्री उघडली आणि खोक्यावर धरली.

"पापड भिजले असते ना," काका मला म्हणाले, अगदी शास्त्रज्ञाच्या गांभीर्याने.

घरमालकीणबाईंनी दार उघडलं तेव्हा समोर एक कोरडं खोकं आणि एक पांढरी फटक बायको. बाईंनी आधी खोक्याला हात लावून पाहिला, मग काकूंच्या डोक्यावरचा बर्फ झटकला आणि काकांना विचारलं, "तुम्ही नक्की कोणाला आणायला गेला होतात?"

मी इतकी हसले की चहा सांडला. नेमकं तेव्हाच आत एक झाकण आपटलं. योगायोग असेल असं तेव्हा वाटलं.

पण काकू बोलायला तयार नव्हत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन विनवण्या केल्या.

"काकू, दोनच वाक्यं."

"माझं काय घेतेस? मी आयुष्यभर रक्त तपासलं. ते कसं, गप्प असतं. मला ते बरं वाटायचं."

"पण गोष्ट तुम्हा दोघांची आहे."

"ह्यांचं घे. ह्यांना आवडतं सांगायला. मी तर ऐकायचंसुद्धा केव्हाच सोडून दिलंय."

"खरं आहे ते," बाहेरून काका म्हणाले. त्यांना मात्र सगळं ऐकू येत होतं.

दोनदा आम्ही तिथे चित्रीकरण केलं आणि दोन्ही वेळा मी काकांचे तासन्‌तास घेऊन परत आले. ज्या वाहिनीसाठी फिल्म चालली होती तिथल्या संपादकबाईंनी ते पाहिलं आणि माझं सगळं अवसान उतरवलं. म्हणाल्या, "गृहस्थ छान बोलतात. पण हे भाषण आहे. तुमच्या फिल्ममध्ये एक बाई आहे आणि ती नाही. ती येत नसेल तर हे जोडपं सोडून द्या." आणि हे जोडपं सोडलं तर माझ्याकडे फिल्मच उरत नव्हती. बाकीचे सगळे या दोघांभोवती बांधलेले. आणखी एक दिवस चित्रीकरण करायची परवानगी मिळाली. त्या आठवड्यात मी रिंगबानच्या इतक्या फेऱ्या मारल्या की एक तिकीट तपासनीस माझ्याकडे बघून ओळखीचं हसला.

त्या शेवटच्या दिवशी मी हायडेलबर्गला पोहोचले तेव्हा काका टाय लावून बसले होते. मी मनात म्हटलं, संपलं. टाय वाईट लक्षण.

साउंडवालीने कामाला सुरुवात केली. आधी ती स्वयंपाकघरात गेली आणि काकूंशी जर्मनमध्ये कुकरबद्दल बोलणी केली. मागच्या खेपेला काका त्यांच्या शोधनिबंधाच्या ऐन रंगात आले की कुकरची शिट्टी व्हायची. काकूंनी कुकर उतरवून ठेवायचं कबूल केलं. मग तिने फ्रिज बंद केला आणि दह्याच्या भांड्याशेजारी आपल्या किल्ल्या ठेवल्या. काकू माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "हिच्या घरी खुंटी नाही का गं?"

मी कॅमेरा लावला. मनाशी ठरवलं होतं की काकांकडून छत्रीची गोष्ट घ्यायची. काकू नसतील, तर निदान त्या गोष्टीतल्या काकू तरी. बर्फाने भरलेल्या, सँडल घातलेल्या. त्यांच्या सगळ्या कहाण्यांत काकू त्या एकाच ठिकाणी होत्या.

"काका, काकू आल्या तो दिवस सांगा ना."

काकांनी घसा साफ केला. "त्या काळी," ते म्हणाले, "दळणवळणाची साधने मर्यादित होती."

मी थांबले.

"पुढील हिवाळ्यात पत्नीचे आगमन झाले. त्यानंतर आम्ही येथे स्थिरस्थावर झालो."

आणि ते थांबले. ज्यांना थांबणं माहीत नाही ते काका थांबले. आपण बायकोच्या डोक्यावर छत्री धरली नाही, हे टायवाल्या माणसाला जर्मन टीव्हीवर सांगायचं नसावं. मी कॅमेऱ्यामागून खुणा करायला लागले. डोक्यावर हात आडवा धरला, दांडा दाखवला, उघडून दाखवली.

"हो, हो," काका म्हणाले, "छप्पर. घर मिळणं तेव्हाही अवघडच होतं."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात साउंडवालीने हात वर केला. समोरच्या इमारतीचं बांधकाम चालू होतं, सकाळपासून ड्रिल किंचाळत होतं आणि आत्ता, मजूर जेवायला गेले म्हणून, ते थांबलं होतं. दुसरी अशी संधी मिळायची नाही. "रूम टोन," ती म्हणाली. "आत्ता." मी म्हटलं, "एकच प्रश्न." ती म्हणाली, "नंतर." आणि तिने मला बोटाने दार दाखवलं. आमचा अलीकडे तसा करारच झालाय, रूम टोनच्या वेळी मी खोलीत नसते. कॅमेरा मी चालूच ठेवला. तो मी टोन संपेपर्यंत कधी बंद करत नाही. बोलणं संपल्यावर माणसं आपापल्या चेहऱ्यावर परत येतात, ते बघायला मला आवडतं.

मी मोज्यांवर चालत स्वयंपाकघरात गेले. दार लावलं तर कडी वाजेल, म्हणून ते तसंच अर्धवट ठेवलं.

काकू ओट्याशी ताटली पुसत उभ्या होत्या. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी मान हलवली.

आणि घर थांबलं. फ्रिज नाही, कुकर नाही, ड्रिल नाही, काका नाहीत. मला आतून मुंग्या आल्या. पायाखालची लादी तापल्यासारखी वाटायला लागली. माझ्या जिभेवर एकच शब्द होता, आणि तो मला बाहेर जाऊन ओरडावासा वाटत होता. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. गुडघा वाजू नये म्हणून एका पायावर उभी राहिले. काकू आधी माझ्याकडे बघत होत्या, गंमत म्हणून. मग त्यांचं लक्ष दाराच्या फटीकडे गेलं. पुसणारा हात मंदावला. त्या तीच ताटली तिथल्या तिथे धरून उभ्या राहिल्या, मान किंचित कलती, जशा आमच्या गल्लीतल्या बायका माग बंद पडले की दारात उभ्या राहायच्या. ओठ हलले. मिटले. पुन्हा हलले. मला दिसत होतं की काहीतरी येतंय आणि मी एक बोटही हलवलं तर ते परत जाईल.

मी हलले नाही. हीच ती नोंद घेण्याजोगी घटना.

आता त्या काय म्हणाल्या ते मी लगेच सांगणार नाही. आधी पुढचं उरकते, कारण त्या वाक्यानंतर सांगण्यासारखं काही नाही.

रूम टोन अर्थातच वाया गेला. साउंडवालीने हेडफोन काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्रण बिघडल्यावर ती हसली. तिला मराठीतलं अक्षर कळत नाही, पण स्वयंपाकघरातून आलेला आवाज तिला कळला. काका कॅमेऱ्यात तसेच बसले आहेत. आधी ताठ, टायसकट. मग तो आवाज येतो आणि ते दाराकडे बघतात, वर्गात नाव पुकारल्यासारखे. मग टायची गाठ सैल करतात. तेवढं बघूनच संपादकबाईंनी पुढे काही विचारलं नाही.

त्या गडबडीत काकूंनी स्वतःच फ्रिज सुरू करून टाकला, त्यामुळे तो उघडायची कुणाला आठवण राहिली नाही. आम्ही बर्लिनला पोहोचलो आणि साउंडवाली स्वतःच्या दाराबाहेर किल्लीशिवाय उभी. शनिवार-रविवार माझ्या घरी होती. रविवारी माझ्याकडे बघत ती इतकी गप्प बसली होती की मी तिला बिओम्युलची बादली घेऊन खाली पाठवली. सोमवारी काकूंचा फोन आला.

"अगं, दह्याशेजारी किल्ल्या आहेत. तिला सांग, पोस्टाने पाठवते."

मी धीर करून विचारलं, की तुम्ही बोललात ते फिल्ममध्ये ठेवू का.

"चेहरा दिसतो का माझा?"

"नाही. काकांचा दिसतो. तुमचा फक्त आवाज."

 मागे काका कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत होते.

"मग ठेव," त्या म्हणाल्या. "ह्यांचाच दिसू दे."

फिल्म तिथेच संपते. चौकटीत काका, टाय लावून, गप्प. खोलीची शांतता, बऱ्यापैकी लांब. आणि मग अर्धवट उघड्या दारातून, ताटली तशीच हातात धरून, ऐकायचं केव्हाच सोडून दिलेल्या बाई म्हणतात,

"अहो, छत्रीचं राहिलं. मी काय आपोआप उगवले का इथे?"